दहा रुपयांची पोळी महाग कशी?

आधी एक छोटा हिशेब करू या. तुमच्या घरी रोज किती पोळ्या होतात? आमच्या उमेळ्याच्या घरी आई, बाबा आणि मी असे तिघं. डब्याच्या आणि रात्रीच्या धरून रोजच्या १५. म्हणजे वर्षाच्या ५,४७५. मी २२ वर्षांचा आहे आणि या पोळ्या मोजाव्यात असं मला कधीच वाटलं नव्हतं. यंदा मे महिन्यात आजी आजारी पडली, आई तीन आठवडे गावी गेली आणि मोजायची वेळ आली.

पहिल्या दिवशी मी स्वतः प्रयत्न केला. त्या पोळ्यांबद्दल न बोललेलंच बरं. दुसऱ्या दिवसापासून इंटर्नशिपवरून परतताना वसई रोड स्टेशनबाहेरच्या एका पोळी-भाजी केंद्रावर थांबायला लागलो. तुम्ही पाहिलंच असेल असं दुकान. पुढे स्टीलचं काउंटर, मागे दोन मोठे तवे, तीन-चार बायका भराभर लाटतायत आणि लोकलमधून उतरलेली रांग. पाटीवर ‘पोळी ८’मधला आठ खोडून दहा केलेला. मी लगेच बोललो, ‘‘काकू, एका पोळीचे दहा? जरा जास्तच नाही का?’’

काकूंचं लाटणं थांबलं नाही. ‘‘घरी कोण करतं?’’

‘‘आई.’’

‘‘तिला किती देतोस?’’

रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. मी गुपचूप जीपे केलं आणि रिक्षा पकडली. पण रिक्षात एक गोष्ट आठवली आणि जास्तच ओशाळलो. त्याच दुपारी मी एका कॅफेत २२० रुपयांचा पनीर रॅप खाल्ला होता. रॅप म्हणजे काय? मैद्याची पोळी आणि आत भाजी. तिथे मी बिलाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. उलट फोटो काढून स्टोरी टाकली.

त्या आठवड्यात टोरांटोला शिकणाऱ्या मावसभावाचा व्हिडीओ कॉल आला. त्याला हा किस्सा सांगितला, तर तो म्हणाला, ‘‘मी तर इथे रोटीच्या दुकानावरच जगतोय.’’ मला वाटलं पंजाबी ढाबा असेल. पण हे दुकान होतं कॅरिबियन लोकांचं. टोरांटोत त्रिनिदाद आणि गयानाहून आलेल्यांची अशी बरीच दुकानं आहेत. त्यांना सरळ ‘रोटी शॉप’च म्हणतात. साधी टेबलं, काउंटरवर ऑर्डर, कागदात गुंडाळलेली भलीमोठी रोटी आणि आत चना-आलू किंवा चिकनचा रस्सा. एक खाल्ली की जेवण झालं. विद्यार्थ्यांना परवडणारं.

कॅरिबियन बेटांवर रोटी पोहोचली कशी? ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली आणि उसाच्या मळ्यांवर मजूर कमी पडू लागले. मग भारतातून कराराने माणसं नेली. १८३८मध्ये गयानाला, १८४५मध्ये त्रिनिदादला. १९१७पर्यंत सुमारे पाच लाख भारतीय कॅरिबियनमध्ये गेले, बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. त्यांनी तवा नेला, बेलना नेला आणि ते शब्दही तिथे टिकले. आज तिथे ‘दालपुरी’ मिळते, म्हणजे वाटलेली डाळ आणि जिरं भरलेली रोटी. आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून तिखट-मीठ घातलं तर जे होईल, साधारण ते. दुसरी एक मऊ पराठ्यासारखी रोटी तव्यावरच लाकडी उलथन्यांनी झोडून मोकळी करतात. ती फाटक्या शर्टासारखी दिसते, म्हणून तिचं नावच ‘बस-अप-शट’! मॉरिशसला तर आपल्या कोकणातलीही माणसं गिरमिटिया म्हणून गेली होती. तिथे रस्त्यावर दालपुरी जोडीने विकतात.

मला यातली एक गोष्ट लागली. त्या दुकानात रोटी ही मुख्य गोष्ट आहे. दुकानाचं नाव तिच्यावरून, पैसे तिचे, रांग तिच्यासाठी. आपल्याकडे भाजीला चव असते, डाळीला तडका असतो आणि पोळी? ती असतेच. घरात पंखा असावा तशी. ती रोज फुकट मिळते, म्हणून दुकानात तिचे दहा रुपये टोचतात. आपण पोळीचा भाव पिठावरून ठरवत नाही, गॅसवरून ठरवत नाही, लाटणाऱ्या हाताच्या दुखण्यावरून तर नाहीच. आईने आजवर किती घेतले, यावरून ठरवतो. आणि तिने घेतलेत शून्य.

मुंबईत ही गोष्ट नवीन नाही. गिरणगावात एकटे राहणारे हजारो कामगार खाणावळीत जेवायचे. त्या खाणावळी म्हणजे बऱ्याचदा चाळीतली एक खोली आणि पहाटेपासून राबणारी एक बाई. शहराच्या गिरण्या तिच्या भाकरीवर चालायच्या, पण तिला कुणी कामगार म्हणत नव्हतं. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बँकेचं कर्ज मिळवून देणं हे त्यातलं मोठं काम. भाकऱ्या थापणं हा धंदा आहे आणि त्याला भांडवल लागतं, हे आधी बँकेला पटवावं लागलं. आपल्याला अजून पटायचंय.

आता तुम्ही म्हणाल, ‘भावा, आमच्याकडे पैसेच नसतात, स्वस्त नको तर काय?’ बरोबर आहे. माझाही स्टायपेंड ट्रेनचा पास आणि रिचार्जमध्येच संपतो. स्वस्त जेवण मिळायलाच हवं. पण ते कोण स्वस्त करतंय, हा प्रश्न आहे. १९९५ला युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली, २०२०मध्ये शिवभोजन थाळी दहा रुपयांत सुरू झाली. तिथे उरलेले पैसे सरकारने भरले. योजना किती चालल्या यावर वाद घाला, पण हिशेब कागदावर आहे. स्टेशनबाहेरच्या काकूंशी घासाघीस करतो तेव्हा ते दोन रुपये कुठलंही सरकार भरत नाही. ते त्यांच्याच मजुरीतून जातात.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कॅफेत जाऊ नका असं मी म्हणत नाहीये, मीही जाणार आहे. पण जिथे २२० रुपये न बघता देतो, तिथल्या माणसाने दहा रुपयांवर हुज्जत घालू नये. दुसरं, तुमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये पोळी-भाजी मिळते का? माझ्या कॉलेजात समोसा, मंचुरियन, फ्रँकी सगळं होतं, फक्त हे नव्हतं. मागून बघा. स्टेशनबाहेरच्याच एखाद्या गटाला ते काम मिळू शकतं आणि तुम्हाला पोटभर जेवण. आणि तिसरं, निदान एकदा, एकाच दिवसाच्या, तुमच्या घरच्या सगळ्या पोळ्या स्वतः करून बघा. मुलगी असाल तर बहुधा हे तुम्हाला आधीच कुणीतरी सांगितलंय. मी मुलांशी बोलतोय.

आई परत आली त्या रात्री मी तिला हिशेब दाखवला. १५ पोळ्या, दहाने दीडशे रुपये, महिन्याचे साडेचार हजार. तिने कागद बघितला आणि विचारलं, ‘‘यात भाकरी धरली नाहीस का?’’

नव्हती धरली. आता रात्रीच्या सहा पोळ्या माझ्याकडे आहेत. पहिल्या दोन अजून बिघडतात, त्या मीच खातो.