337 टन जळाले, माती तिथंच आहे

आपल्या किल्लारी भागात कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. "रानात औषध मारायचंय" असंच म्हणतात. अशाच 'औषधां'पैकी एक होतं सेविन, म्हणजे कार्बारिल. ते भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात बनायचं. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री तिथून विषारी वायू सुटला, हजारो माणसं गेली, हे आम्ही शाळेत शिकवतो. पण त्या कारखान्याचा कचरा पुढं 40 वर्षं भोपाळातच पडून होता आणि एकदा तो आपल्या महाराष्ट्रात येणार होता, हे शिक्षकांनाही सहसा माहीत नसतं.

आधी हा कचरा गुजरातेत अंकलेश्वरला जाळायचं ठरलं. गुजरातनं नकार दिला. मग 2011 मध्ये मध्य प्रदेश हायकोर्टानं नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीत तो जाळायला सांगितलं. नागपुरात विरोध झाला, महाराष्ट्र सरकारनंही हात वर केले. 2012 मध्ये जर्मनीला पाठवायची बोलणी झाली, तीही फिसकटली. शेवटी राहिलं धार जिल्ह्यातलं पीथमपूर.

तिथल्या लोकांनाही तो नको होता. पण 3 डिसेंबर 2024 ला हायकोर्टानं सरकारला झापलं आणि चार आठवड्यांची मुदत दिली. 1 जानेवारी 2025 च्या रात्री 12 कंटेनर पोलीस बंदोबस्तात सुमारे 250 किलोमीटर गेले. दोन दिवसांनी पीथमपुरात आंदोलन पेटलं, दोघांनी स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. तरी जून 2025 अखेर सगळे 337 टन जळून झाले. राख मात्र मूळ कचऱ्याहून कितीतरी जास्त झाली, कारण जाळताना त्यात चुना मिसळावा लागतो. ती राखही तिथंच पुरायचं ठरलं होतं.

नागपूरकरांना आम्ही दोष देत नाही. किल्लारीला आणायचं ठरलं असतं तर आम्हीही रस्त्यावर बसलो असतो. फक्त एवढं कळतं, की नकार देणारे खूप होते आणि ज्यांचा नकार चालला नाही त्यांच्या दारात ते विष गेलं.

आता "भोपाळचा कलंक पुसला" असं सांगितलं जातंय. इथं जरा हिशेब करू. नागपूरच्याच 'नीरी' संस्थेच्या 2010 च्या अहवालात कारखान्याच्या आवारातली दूषित माती सुमारे 11 लाख टन धरली आहे. म्हणजे दर 10,000 किलोमागे जेमतेम 3 किलो हलवले, बाकी तसंच! वायू सुटायच्या आधीपासून कंपनी तिथं कचरा पुरत होती, बाहेरच्या तलावांत सांडपाणी सोडत होती. ते झिरपत हातपंपाच्या पाण्यात उतरलं. 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाला आदेश द्यावा लागला, की या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या.

आरिफ नगर, अन्नू नगर अशा या वस्त्या. गरिबांच्या, त्यात आपले लोकही बरेच. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघींनी मिळून हा लढा जगासमोर नेला, 2004 चं गोल्डमन पारितोषिक दोघींना एकत्र मिळालं. अब्दुल जब्बार भाई 2019 मध्ये गेले तोवर बायकांचा मोर्चा घेऊन इन्साफ मागत होते. पद्मश्री त्यांना नंतर मिळाली.

1993 च्या भूकंपानंतर आमचं गाव जुनी जागा सोडून नवीन जागी वसलं. सरकार आलं, जग आलं, घरं झाली. भोपाळच्या या वस्त्या मात्र अजून कारखान्याच्या भिंतीला लागूनच आहेत.

माती साफ करायचा खर्च कुणी द्यायचा? युनियन कार्बाइड 2001 मध्ये डाऊ केमिकलनं घेतली, ती म्हणते आमची जबाबदारी नाही. जमीन मध्य प्रदेश सरकारच्या ताब्यात. वाढीव भरपाईची केंद्राची याचिका सुप्रीम कोर्टानं मार्च 2023 मध्ये फेटाळली. कार्बारिलवर 2018 मध्ये आपल्या देशात बंदी आली, ते आता दुकानात मिळायला नको. भोपाळच्या मातीत ते अजून आहे आणि दर पावसाळ्यात थोडं थोडं खाली उतरतंय.