मृगाच्या आत सायकलचे ब्रेक पाहून घ्या!
राळेगाव तालुक्यातील सर्व सायकलधारकांना आवाहन



मृग तोंडावर आला आहे. ॲटलस, हीरो, हर्क्युलसच्या जुन्या काळ्या सायकली आजही वावरात, बाजारात आणि शाळेत जातात. उन्हाळाभर त्यांचा ब्रेक लागला, म्हणून पावसातही लागेल या भरवशावर राहू नका.

या सायकलींची रिम लोखंडी, वर चकचकीत मुलामा. ती ओली झाली की साध्या रबराची पकड पार ढिली पडते. चाकाचे पहिले काही फेरे नुसते पाणी पुसण्यात जातात. 28 इंची चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे सव्वादोन मीटर. दहा फेऱ्यांत सायकल बावीस मीटर पुढे गेलेली असते. वडकीला नागपूर-हैदराबाद महामार्गावर ट्रक समोर आला, तर एवढी जागा कोण देणार?

म्हणून याच आठवड्यात एवढे कराच :

1. सायकल हाताने ढकलत एकेक ब्रेक दाबा. मागचा दाबल्यावर मागचे चाक जाम होऊन घसटले पाहिजे. पुढचा दाबल्यावर सायकल जागीच थांबून मागून उचलली पाहिजे. तसे होत नसेल, तर ती रस्त्यावर काढू नका.

2. रबर झिजून लोखंड दिसत असेल किंवा रबर दगडासारखे कडक झाले असेल, तर चारही बदला. रबराच्या खोबणीचे बंद टोक चाक फिरते त्या बाजूला हवे. उलटे बसले, तर ऐन वेळी रबर निसटून पडते.

3. रिम साबणाने धुवा, गंज बारीक पॉलिश पेपरने काढा. रिमला तेलाचा थेंबही लागू देऊ नका. तेल फक्त ब्रेकच्या दांड्यांच्या सांध्यांना, तेही पुसून.

4. चाक लहरत असेल, तर आधी रिमचा आऊट काढून घ्या. आऊट असलेल्या रिमवर ब्रेक जवळ घेता येत नाही आणि लिव्हर हँडलला टेकते.

5. पावसात उतार किंवा चौक येण्याआधीच ब्रेक हलके दाबून रिम पुसत चला. एकटा मागचा नको, दोन्ही वापरा. थांबवण्याची जास्त ताकद पुढच्यात असते.

सायकल दुरुस्ती करणाऱ्या भावांना विनंती : पंक्चरला आलेल्या प्रत्येक सायकलचे ब्रेक न सांगता पाहा. शिक्षकांना विनंती : शाळा उघडताच मैदानात सर्व सायकलींची तपासणी घ्या, मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळालेल्या सायकलीही त्यात धरा.

चार रबरांचा खर्च किरकोळ आहे. पेरणीच्या धांदलीत हे काम राहून जाईल. आजच सायकल बाहेर काढा आणि शेजाऱ्यालाही सांगा.