नुसतं बघायचे पैसे

मागच्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी, टिटवाळ्याहून फळेगावकडे जाताना पप्पांनी जीपचा ब्रेक दाबला आणि पेडल दगडासारखं लागलं. मागे मंडपाचे लोखंडी पाइप आणि ताडपत्र्या, वरून पाऊस, समोर काळू नदीवरच्या रुंदे पुलाचा उतार. मोठ्या पावसात हा पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या गावांचा रस्ता तुटतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या दिवशी पाणी पुलावर नुकतंच चढलं होतं. पप्पांनी दोन्ही पाय पेडलवर रोवले, गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात टाकली, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. पाणी वीसेक पावलांवर होतं. मी शेजारच्या सीटवर होते, दोन्ही हात डॅशबोर्डवर.

चार दिवसांपूर्वीच आम्ही गाडी 'अपग्रेड' केली होती. ब्रेक नव्हे, अल्टरनेटर.

ब्रेकचा आणि अल्टरनेटरचा संबंध काय, असं तुम्हाला वाटत असेल तर तुमची चूक नाही. मलाही तेच वाटलं होतं. राग याचा आहे की ज्याने तो अल्टरनेटर बसवला त्याला संबंध माहीत होता.

आमची जीप जुनी आहे. एमएच-०५, डिझेल, फोर बाय फोर. हौसेची नाही, धंद्याची. पप्पांचं मंडप-डेकोरेशनचं काम आहे आणि नदीपलीकडच्या गावांत पावसाळ्यात टेम्पो रुतला की मुकादमाला फोन येतो, 'जीप पाठवा.' अशा गाडीची एक गंमत असते. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर वीज जवळपास लागतच नाही. पेट्रोलसारखी ठिणगी नाही, डिझेलचा पंप यांत्रिक. त्यामुळे अल्टरनेटर अर्धमेला झाला तरी दिवसा पत्ता लागत नाही. गाडी मस्त पळते. मग एका रात्री पाऊस लागतो, हेडलाइट, वायपर, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर, सगळं एकदम चालू होतं, आणि तासाभरात दिवे मेणबत्तीसारखे होतात. जिथे ही वीज खरोखर लागते तिथेच ती दगा देते.

आमचंही तसंच झालं. गोवेलीहून परत येताना दिवे पिवळे पडले, सकाळी सेल्फ मारला तर नुसतं 'टक'. धक्का मारून गाडी सुरू केली आणि मी ती गॅरेजला घेऊन गेले, कारण पप्पा साइटवर होते.

"ताई, डायनामो गेला," गाडीच्या बॉनेटखाली मान घालायच्या आधीच निकाल लागला.

"कशावरून?"

मग त्याने जे केलं ते आजही महाराष्ट्रातल्या शेकडो गॅरेजांत होत असणार. चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढलं. म्हणे, गाडी बंद पडली तर डायनामो गेलेला.

या एका कृतीवर मला थांबायचं आहे. आपण अल्टरनेटरला अजून डायनामो म्हणतो, आणि नावासोबत डायनामोच्या काळातली परीक्षाही सांभाळून ठेवली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये सहा व्होल्टचा खराखुरा डायनामो होता. १९४७पासून मुंबईत महिंद्राने जीप जोडायला घेतल्या त्या त्याच घराण्यातल्या. त्या जमान्यात टर्मिनल काढून बघण्याची युक्ती खपून जायची. अल्टरनेटरमध्ये मात्र आत डायोड असतात, व्होल्टेज सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतो. चालू गाडीत बॅटरी तोडली की व्होल्टेज क्षणभर भलतंच वर उसळतं आणि चांगले डायोड किंवा रेग्युलेटर तिथल्या तिथे जाऊ शकतात. म्हणजे तपासायला गेलात आणि मारून आलात. त्यात आमची गाडी जुनी डिझेल! टर्मिनल काढलं तरी इंजिन चालूच राहणार, कारण त्याला विजेशी देणंघेणंच नाही. ते चालूच राहिलं. त्यावर मेकॅनिक म्हणाला, "बघा, थोडा थोडा चालतोय, पण गेलाच." गाडी बंद पडली असती तरी हाच निकाल लागला असता.

मग तो शब्द आला. "ताई, हा जुना डायनामो किती दिवस पुरणार? अपग्रेड करून टाका. कारचा मोठा येतो, ९० अँपिअरचा. लाइट कशी फेकेल बघा."

आणि मी हो म्हटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. फोनवर आपण सगळेच ते व्हिडिओ बघतो: छपरावर एलईडी बार, पुढे विंच, चिखल उडवणारी गाडी, खाली पार्टची यादी. बिघडलेली गोष्ट शोधून दुरुस्त करण्याचा रील कुणी बघत नाही. तारेचं टोक खरवडणारा माणूस दिसायला फारच कंटाळवाणा. 'अपग्रेड' म्हटलं की आपण काहीतरी शहाणपणाचं करतोय असं वाटतं. प्रत्यक्षात मी साडेसात हजार देऊन एक प्रश्न विचारायचा टाळला होता: बिघाड नेमका कुठे आहे?

आता ब्रेकचं. पेट्रोल गाडीत ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिन आपोआप देतं. डिझेल इंजिन तसा देत नाही, त्याला वेगळा पंप लागतो. आणि आपल्याकडच्या कितीतरी जुन्या डिझेल गाड्यांत हा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो, त्याच शाफ्टवर फिरतो, इंजिन ऑइलवर चालतो. आमच्या जीपमध्येही होता. गॅरेजवाल्याने बसवलेला सेकंडहँड अल्टरनेटर पेट्रोल कारचा. त्याला पाठ कोरी. मग त्याने ऑइलची लाइन बोल्ट मारून बंद केली, व्हॅक्यूमचा पाइप चिकटपट्टीने बांधून एका कोपऱ्यात खोचला आणि मला अभिमानाने सांगितलं, "आता ऑइल गळायचं टेन्शन पण गेलं." ब्रेक जड लागतोय म्हटल्यावर, "नवीन काम आहे, सेट होईल."

सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, जोर लावून ब्रेक लागत होता. भरल्या गाडीत, ओल्या उतारावर काय झालं ते वर सांगितलंच.

पुढे गाडी शहाडच्या बाजूला एका वयस्कर वायरमन काकांकडे नेली. आधी गॅरेजवाल्याशी भांडून आमचा जुना अल्टरनेटर परत घेतला (तो 'एक्स्चेंज'मध्ये ठेवून घेतला होता, जुना पार्ट कधीही, कुणाकडेही सोडून येऊ नका). काकांनी तो जागेवर चढवला, टर्मिनलला हात न लावता मल्टीमीटर काढला. साधा, पिवळा, तीन-चारशे रुपयांत येतो तसला. पुढची वीस मिनिटं मी जे पाहिलं ते तुम्हाला सांगते, कारण हे कुणालाही जमतं.

गाडी बंद असताना बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली. गाडी चालू करून रेस थोडी वाढवली की १३.८ ते १४.४च्या दरम्यान जायला हवं. आमचं १२.९. इथपर्यंत 'डायनामो गेला' म्हणता येईल. पण काकांनी मग मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर ठेवली आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर. हेडलाइट चालू. त्या तारेत किती व्होल्ट हरवतायत ते मीटर थेट दाखवतो. दोन-तीन दशांशांपर्यंत ठीक. आमचं ठीक होतं. मग एक पिन अल्टरनेटरच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. इथे ०.७! इंजिनपासून चासीपर्यंत जाणारी अर्थची पट्टी गंजून चार धाग्यांवर लटकत होती. तुम्ही ९० अँपिअरचा लावा नाहीतर ९०० अँपिअरचा, परतीचा रस्ताच खचला असेल तर वीज जाणार कुठून?

पट्टी नवी घातली तरी आकडा पुरता चढला नाही, तेव्हाच त्यांनी अल्टरनेटर उघडला. व्हॅक्यूम पंपाच्या बाजूचं सील फाटून ऑइल आत आलेलं, त्यात नदीकाठचा गाळ कालवून कार्बन झिजलेले. सील, कार्बन, बेअरिंग, अर्थची केबल. शिवाय डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा, जो कित्येक महिने किल्ली फिरवल्यावर लागतच नव्हता आणि आम्ही खूश होतो की चला, लाल काही दिसत नाही. अशा जुन्या अल्टरनेटरला जागं करणारा सुरुवातीचा प्रवाह त्या बल्बमधूनच जातो. बल्ब गेला की अल्टरनेटर उशिरा उठतो, कधी उठतच नाही. बल्ब वीस रुपयांचा.

सगळं मिळून अठराशे रुपये.

आता 'मेकॅनिक चोर असतात' असं म्हणून हा लेख संपवणं सोपं आहे. पण माझं खरं भांडण आपल्याशी आहे. काकांनी बिल सांगितलं त्यात तपासणीचे तीनशे होते. आणि माझ्या तोंडून, ब्रेक फेल झालेल्या गाडीतून जिवंत उतरलेल्या माझ्या तोंडून, पहिला शब्द निघाला: "नुसतं बघायचे तीनशे?"

आपण पार्टचे पैसे देतो, बघण्याचे देत नाही. फ्यूज बदलला तर वीस रुपये आनंदाने. फ्यूज का उडाला हे शोधायला अर्धा तास लावणाऱ्याला 'काही केलंच नाही' म्हणतो. मग ज्याचं पोट गॅरेजवर आहे त्याने काय करावं? तो पार्ट विकतो. निदान फुकट मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तो निदानाशिवायचा इलाज देतो आणि वर चकचकीत शब्द लावतो. त्या गॅरेजवाल्याने ब्रेकचा पाइप बांधून ठेवला हा गुन्हाच, त्याला माफी नाही. पण तपास न करता पार्ट बदलण्याची सवय त्याला आपण सगळ्यांनी मिळून लावली आहे.

यावर एक मुद्दा नेहमी येतो, की जुन्या गाडीला तारेत गुंतून काय बसायचं, १५ वर्षांनी भंगारातच जायची. तसा काही नियम नाही. खासगी गाडी १५ वर्षांनी फिटनेस दाखवून, नोंदणीचं नूतनीकरण करून चालवता येते. २०२१ सालचं भंगार धोरणही ऐच्छिक म्हणूनच आलं. गाडी फिट ठेवायची असेल तर ती आधी समजून घ्यावी लागते. केंद्र सरकारने २०२२ साली 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलंच आहे. पण दुरुस्तीचा हक्क मिळाला आणि दुरुस्त करणाऱ्याला कुणी मोल देत नसेल, तर तो हक्क घेऊन जायचं कुणाकडे?

दुसरा मुद्दा: मग अपग्रेड कधीच करायचं नाही का? करायचं की. आधी बेरीज करा. ५५-६० वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे १० अँपिअर. वायपर, ब्लोअर, मागचे दिवे धरून पावसाळी रात्री २५च्या आसपास. जुना अल्टरनेटर ३५-४५चा, आणि तोही इंजिन फिरतं असताना. गाडी जागेवर घुरघुरत असते तेव्हा त्याच्या निम्मंही मिळत नाही. त्यावर १२० वॅटचा बार लावलात की आणखी १० गेले. इथे मोठा अल्टरनेटर लागतो हे मान्य. मात्र तो व्हॅक्यूम पंपासकट घ्यायचा, किंवा पंपाची वेगळी सोय करायची. त्याच्यासोबत जाड केबल आणि फ्यूज आलाच. जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर अँपिअर मीटर असेल तर सगळा चार्जिंगचा प्रवाह त्याच्यातून फिरून येतो. त्यातून ९० अँपिअर ढकललेत तर डॅशबोर्डमागे शेकोटी पेटेल. अरुंद बेल्ट घसरतो तो वेगळाच. आणि विंचसाठी मोठा अल्टरनेटर लावणाऱ्यांनो, पूर्ण ताणावर विंच तीनशे-चारशे अँपिअर ओढतो. ते काम बॅटरीचं आहे, अल्टरनेटर नंतर फक्त भरपाई करतो.

एवढं गणित करून जो अपग्रेड करेल त्याच्याशी माझं भांडण नाही. असे फार भेटत नाहीत इतकंच.

त्या दिवशी काकांना तीनशे रुपये पप्पांनी दिले. काका अवघडले. "राहू द्या हो, बघायचे कोण देतं," म्हणत त्यांनी शंभर परत करायला काढले. पप्पांनी ते घेतले नाहीत. मग काकांनी त्या शंभराऐवजी गाडीचे दोन्ही हॉर्न तपासून दिले, त्यातला एक वर्षभर वाजत नव्हता.

मी मल्टीमीटर घेतलाय. तो जीपच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो, गणपतीच्या फोटोखाली. पाऊस सुरू झाला की पप्पा गाडी काढायच्या आधी मला हाक मारतात. परवा सगळे दिवे, वायपर, ब्लोअर लावून पाहिलं.

"किती?" पप्पांनी खिडकीतून विचारलं.

"तेरा पॉइंट नऊ."

"आणि ब्रेक?"

"तो तुम्ही दाबून बघा."