सातबारा पाहून मोजलेले घर

१० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पैनगंगेच्या अलीकडची, यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडकडची गावेही हादरली. मोठी हानी झाली नाही, म्हणून शासनदरबारी प्रश्न मिटला. वस्तुतः तो तेथूनच सुरू व्हावयास हवा होता. उद्या घरे पडलीच, तर गाव पुन्हा कसे उभारावयाचे हे कोण ठरविणार?

महाराष्ट्राने याचे उत्तर एकदा देऊन ठेवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे ८ हजार माणसे मेली. बहुतेक दगडमातीच्या भिंतींखाली. जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधाराने पुनर्वसन झाले, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी हलविली गेली. आणि घर कोणाला किती? भूमिहीनाला व १ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्याला ४००, त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५०! धरणीकंपाने वाडा आणि खोपट एका पातळीवर आणले होते. शासनाने फूटपट्टी घेऊन ते पुन्हा वेगळे केले. शेतमजुराच्या घरी माणसे कमी असतात, असे कोणत्या अर्थशास्त्रात लिहिले आहे? ज्याचे मोठे पडले त्याला मोठे, असा बचाव केला जातो. बैल बांधावयास, धान्य ठेवावयास जागा लागते, हेही खरे. पण मग त्याला नुकसानभरपाई म्हणावे, पुनर्वसन म्हणू नये. ते कर्ज फेडणाऱ्यांत कापड आणि काडीपेटीवर कर भरणारा शेतमजूरही होताच.

याच कार्यक्रमात दुसरा धडाही आहे. जेथे घरे जागीच दुरुस्त करावयाची होती, तेथे काम घरमालकाच्या हाती राहिले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावी स्त्रिया संवाद सहायक झाल्या. घर कसे मजबूत होते याचे ज्ञान तेवढ्यापुरते तरी कंत्राटदाराच्या खिशातून बाहेर आले.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने मात्र जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याला दिले. लोकनियुक्त प्रतिनिधी सहअध्यक्ष. म्हणजे खुर्ची आहे, पण बाजूची. याच यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी, केळापूरकडच्या अनुसूचित गावांत भूसंपादनापूर्वी व प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनापूर्वी ग्रामसभेशी वा पंचायतीशी विचारविनिमय करण्याचे बंधन १९९६ च्या पेसा कायद्याने घातले आहे. धरणासाठी गाव उठताना जे विचारावयाचे, ते भूकंपाने गाव पडल्यावर का विचारू नये? आणि ते जिल्ह्यातील प्रत्येक गावाला का नको?

ग्रामसभा म्हणजे सरपंचाची ओसरी नव्हे, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. तिथे वस्तीतल्या बायका आणि सालदार बसले नाहीत, तर ७५० आणि २५० चा हिशेब गावातच पुन्हा मांडला जाईल. म्हणून पैनगंगाकाठच्या गावांतून दोन ठराव १५ ऑगस्टच्या सभेपुढे आले पाहिजेत: गाव हलवावे की जागीच बांधावे हे ग्रामसभा ठरवील, आणि घराचे क्षेत्रफळ सातबाऱ्यावरून नव्हे, घरातील माणसांवरून ठरेल.