दोन रंगांचं वावडं कशाला?

काळी-पांढरी वेबसाइट म्हणजे श्रद्धांजलीचा फलक, असं वसई-विरारच्या दुकानदारांना आणि अर्नाळ्याच्या रिसॉर्टवाल्यांना पटवत फिरणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचं म्हणणं असं: काळा अशुभ, गिऱ्हाईक भडकपणालाच भुलतं, आणि दोन रंगांत भागवणं हे परदेशी खूळ, आपली संस्कृती रंगीबेरंगी.

काळा अशुभ, तर मंगळसूत्र आणि संक्रांतीची चंद्रकळा कुठे ठेवायची? आणि शेजारची दहाही दुकानं भडक असतील, तर गिऱ्हाईक अकराव्याला का भुलेल?

परदेशी खूळ हा आरोप मात्र मला सहन होत नाही. ज्या पालघर जिल्ह्यात बसून हे बोललं जातं, तिथल्या वारली घराची भिंत या गृहस्थांनी कधी पाहिली आहे का? गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा आणि टोक ठेचलेली बांबूची काडी. एवढ्यात लग्नाचा चौक उभा राहतो, पालघट देवी येते, तारपा वाजवणाऱ्याभोवती नाच फिरतो. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागद-कापडावर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रातलं मासेमारीचं जाळं नुसत्या पांढऱ्या रेघांचं आहे, तरी डोळा त्यात अडकून राहतो. ही संस्कृती नव्हे, तर कोणती?

सिनेमातही दोनच रंग पुरेसे ठरले. १९३३च्या ‘सैरंध्री’तला रंगांचा खटाटोप फसला, १९३६चा कृष्णधवल ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

मात्र दोन रंगांच्या नावाखाली येणारी फिकट राखाडी अक्षरांची फॅशन मला मान्य नाही. पांढऱ्यावर काळ्याचा कॉन्ट्रास्ट २१:१ असतो. वेब सुलभतेचे प्रचलित निकष साध्या मजकुराला निदान ४.५:१ मागतात. आपल्या लिपीत अनुस्वार, रफार, उकार ही सगळी बारीक कामं. विरार लोकलच्या दारात, उन्हात मोबाइल धरलेल्या माणसाला ती दिसायला हवीत. ‘फोन करा’ या बटणाला एकच ठळक रंग द्या आणि त्यावर शब्दही लिहा, कारण लाल-हिरवा वेगळा न ओळखणारेही वाचक असतात. सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, विकणाऱ्याच्या पानावर तांबूस सोनेरी रंग सुकेळ्यांच्या फोटोलाच असू द्या.