हर्मायनीला घाबरू द्या

सांगलीतल्या एका वाचनालयाच्या बालविभागात मी दर शनिवारी चार वाजता मुलांना गोष्ट वाचून दाखवते. शाळेतून निवृत्त झाल्यावर जडलेलं हे व्यसन. गेल्या महिन्यात नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला, त्यात एक जाडजूड साहसकथा होती. मुखपृष्ठावर तलवार उगारलेली मुलगी आणि मागच्या बाजूला ‘सशक्त नायिका’ असा ठसठशीत शिक्का. म्हटलं, मुलींची झुंबड उडणार. सहावीतल्या एकीनं ते नेलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आणून आपटलं. “बाई, ही घाबरतच नाही. हिचं काही चुकतच नाही. मग पुढे वाचायचं कशाला?”

मला उत्तर सुचलं नाही. पण घरी येऊन मी ‘हॅरी पॉटर’ काढलं.

पहिल्या भागात (१९९७) हॅरी आणि रॉनची मैत्रीण हर्मायनी हिची एक झकास फजिती आहे. तळघरात एक वेल हॅरी आणि रॉनला करकचून आवळते आहे. हर्मायनी तेवढी निसटली आहे. या वेलीला अंधार आणि ओल मानवते, हे तिला वर्गातल्या धड्यावरून बरोबर आठवतं. म्हणजे जाळ केला की काम झालं. आणि ही हुशार पोरगी हात चोळत म्हणते, पण लाकडं कुठायत? तू जादूगार आहेस, हे रॉनला तिला बोंबलून सांगावं लागतं. मुलं इथं गडाबडा लोळतात. परीक्षेत सगळं येऊन ऐन वेळी डोकं बंद पडणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक.

२००१ च्या चित्रपटात हे नाही. तिथे बाईसाहेब अगदी शांत, इतरांना सूचना देतात. तिसऱ्या भागात तर आणखी गंमत. पुस्तकात मोडक्या पायावर उभा राहून ‘हॅरीला मारायचं तर आम्हालाही मारावं लागेल’ असं सुनावतो तो रॉन. २००४ च्या चित्रपटात हे शौर्य काढून हर्मायनीच्या तोंडी घातलं. तिला ‘सशक्त’ करायचं होतं ना! झालं काय, तर रॉन विदूषक झाला आणि ती पुतळा. हॅरीनं मात्र खुशाल चुकावं. पाचव्या भागात तो खोट्या दृश्याला फसतो, त्यापायी त्याचा धर्मपिता सिरियस जिवाला मुकतो, तरी त्याला दुबळा नायक कोणी म्हणत नाही.

तलवारीचा हट्ट कुठून आला, हे मला कळतं. १९५० मध्ये आलेल्या नार्नियाच्या पहिल्या पुस्तकात नाताळबाबा सुझनला धनुष्यबाण देतो, ल्यूसीला खंजीर देतो आणि वर बजावतो, लढाई तुमचं काम नाही. अशा गोष्टी वाचून वाढलेल्या बायकांना आपल्या लेकींच्या हाती शस्त्र द्यावंसं वाटलं, तर त्यात नवल काय? पण शस्त्र देताना भीती काढून घ्यायची काही गरज नव्हती.

माझी लाडकी आहे ती मेग मरी, मॅडलिन लेंगलच्या ‘अ रिंकल इन टाइम’मधली. पुस्तक १९६२ चं. डोळ्यांना चष्मा, दातांना तारा, शाळेत रोज बोलणी आणि धाकट्या भावाला कोणी काही म्हटलं की थेट मारामारी. कितीतरी प्रकाशकांनी हे हस्तलिखित परत धाडलं होतं. छापून आल्यावर १९६३ मध्ये त्याला अमेरिकेतलं न्यूबरी पदक मिळालं. हरवलेल्या वडिलांना शोधत मेग परग्रहावर पोचते. तिथं सगळ्या घरांपुढे सगळी मुलं एकाच ठेक्यात चेंडू आपटतात, ठेका चुकतो तो फक्त एकाच मुलाचा. त्या ग्रहावर तिला सोडताना तिची पाठराखीण (बाई कसली, एके काळचा तारा तो!) तिला भेट काय देते? तिचेच दोष. राग, हट्ट, उतावळेपणा. एका सुरात चालणाऱ्या त्या जगात पुढे तोच राग, तोच हट्ट कामी येतो. तीस वर्षं मी मुलींच्या प्रगतिपुस्तकांवर ‘हट्टी आहे’ असे शेरे मारले. या पानाशी आले की ते शेरे आठवतात आणि मी चष्मा पुसत बसते.

त्या सहावीतल्या मुलीला इंग्रजी जड जातं, म्हणून पुढच्या शनिवारी मी मेग बाजूला ठेवली आणि सगळ्यांना भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगितली. मोठ्यांनी नाकं मुरडली, ही तर बालवाडीतली! म्हटलं, ऐका तर. जंगलात एकटी म्हातारी, समोर वाघ. हातात काठीशिवाय काही नाही. ती चक्क थाप मारते : आत्ता नुसती हाडं आहेत, लेकीकडून धष्टपुष्ट होऊन येते, मग खा. लेकीकडे जाऊन तूप-रोटी चापते, तिथून भोपळ्यात बसून निघते आणि वाटेत वाघानं विचारलं तर आतूनच कानांवर हात ठेवते, कुठली म्हातारी नि काय! घाबरट, खोटारडी, खादाड. पण जिवंत घरी पोचते.

“बाई,” ती सहावीतली म्हणाली, “वाघ बोलत होता तेव्हा आत तिला भीती वाटत असेल?”

“वाटणारच,” मागून एक मुलगा म्हणाला. “भोपळ्यात किती अंधार असतो.”

ती जरा विचारात पडली. “आणि बिया टोचत असतील.”