लपवलेल्या जखमा नाटक नसतात

मुले ‘लक्ष वेधण्यासाठी’ स्वतःला इजा करून घेतात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान पटणारे नाही. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून बसणारी मुलगी लक्ष वेधत नसते, लपत असते.

मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू नॉक आणि मिचेल प्रिन्स्टीन यांनी मनोरुग्ण विभागात दाखल असलेल्या किशोरवयीनांना स्वतःला इजा करण्याची कारणे विचारली. 2004मध्ये निष्कर्ष छापून आले. इतरांवर परिणाम घडवण्यापेक्षा असह्य भावना थांबवणे, हेच कारण जास्त पुढे आले. स्वतःविषयीची घृणा, आतला बधिरपणा यांतून क्षणभर सुटका मिळते, आणि तीच सुटका सवय जडवते.

मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन स्वतः किशोरवयात या अनुभवातून गेल्या. पुढे त्यांनीच उभ्या केलेल्या उपचारपद्धतीत भावना सावरण्याची कौशल्ये शिकवली जातात.

पालकांनी दटावू नये, शांतपणे विचारावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.